वायुमाग : एका माणसाचे वेड आणि ते ओळखण्याचा इतिहास

१/
लंडन, १८०९. बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात बारा वर्षे कोंडलेल्या एका माणसाला दोन नामांकित डॉक्टर पुन्हा पुन्हा भेटले आणि शपथेवर म्हणाले, हा माणूस शहाणा आहे. इस्पितळाचे वैद्य तितक्याच ठामपणे म्हणाले, हा वेडा आहे. माणूस एकच, पारखणारे सगळे वैद्यच. मग वेड ओळखायचे तरी कशावरून?

२/
त्या माणसाचे नाव जेम्स टिली मॅथ्यूज. धंद्याने चहाचा दलाल. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ब्रिटन आणि फ्रान्स युद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते, तेव्हा त्याने आपला मित्र, विचारवंत डेव्हिड विल्यम्स याच्यासह शांततेच्या वाटाघाटींत उडी घेतली. पॅरिसच्या फेऱ्या झाल्या. पण फेब्रुवारी १७९३ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि सगळाच डाव विसकटला.

३/
पुढे जॅकोबिनांच्या हाती सत्ता गेली. हा इंग्रज गुप्तहेर असावा, असा संशय घेऊन त्यांनी मॅथ्यूजला अटकेत टाकले. सुमारे तीन वर्षे तो फ्रान्समध्ये कैदेत होता आणि बाहेर गिलोटिनचे पाते अखंड चालू होते. १७९६ मध्ये तो लंडनला परतला तो एक विलक्षण खात्री घेऊनच : ब्रिटिश सरकारातील बडी मंडळी शत्रूला फितूर आहेत.

४/
त्याने लॉर्ड लिव्हरपूल यांना पत्रे लिहून त्यांच्यावरच देशद्रोहाचा आरोप केला. मग हाउस ऑफ कॉमन्सच्या प्रेक्षक सज्जातून तोच आरोप ओरडून केला. जानेवारी १७९७ मध्ये त्याची रवानगी बेथलेममध्ये झाली. वर्षभरानंतर त्याला असाध्य रुग्णांच्या विभागात हलवण्यात आले.

५/
त्याच्या मनात काय चालले होते? त्याच्या सांगण्यानुसार लंडनमध्येच एका तळघरात सात जणांची टोळी 'एअर लूम', म्हणजे वायुमाग, नावाचे यंत्र चालवत होती. पिंपांतून येणारे दुर्गंधीयुक्त वायू आणि चुंबकीय लहरी यांच्या जोरावर हे यंत्र दुरून माणसाच्या शरीराचा आणि मनाचा ताबा घेई. टोळीचा म्होरक्या 'बिल द किंग', तर 'जॅक द स्कूलमास्टर' हा सगळ्याची लघुलिपीत नोंद ठेवणारा.

६/
प्रत्येक छळाला स्वतंत्र नाव होते. 'काइटिंग' म्हणजे आकाशात पतंग तरंगावा तशी एखादी कल्पना तासन्‌तास मेंदूत तरंगत ठेवणे. 'लॉबस्टर क्रॅकिंग' म्हणजे भोवतीचा चुंबकीय दाब वाढवून रक्ताभिसरण आणि हालचाल थांबवणे. टोळीचे बोलणे त्याला ऐकू येई. डोक्यातले विचार आपले नाहीत, कोणीतरी ते आत सोडते आहे, असे त्याला जाणवे.

७/
या यंत्राची सामग्री त्या काळातूनच आली होती. प्रीस्टली आणि लाव्हॉझिए यांच्या प्रयोगांमुळे 'वायू' हा नवलाईचा विषय झाला होता. मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ने पॅरिस भारावले होते. इंग्लंडमध्ये यंत्रमागांचे युग सुरू झाले होते. भ्रमाची वस्त्रे काळाप्रमाणे बदलतात. पुढच्या शतकांत रुग्णांनी विजेच्या, रेडिओलहरींच्या, उपग्रहांच्या आणि चिपच्या तक्रारी केल्या. आतला अनुभव मात्र तोच राहिला : 'माझ्या मनावर माझी सत्ता नाही.'

८/
१८०९ मध्ये मॅथ्यूजच्या कुटुंबाने हेबियस कॉर्पसच्या मार्गाने सुटकेची मागणी केली. डॉ. हेन्री क्लटरबक आणि डॉ. जॉर्ज बर्कबेक यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. लंडनचे बर्कबेक कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे बर्कबेक. त्यांनी मॅथ्यूजशी नाना विषयांवर बोलून पाहिले. उत्तरे सुसंगत होती, स्मृती शाबूत होती, वागणूक सभ्य होती. जो नीट बोलतो, नीट वागतो, तो वेडा कसा, असा त्यांचा सरळ हिशेब.

९/
त्यांची फसगत होण्याला आणखी एक कारण होते. मॅथ्यूजच्या कहाणीचा गाभा खरा होता. तो खरोखरच वाटाघाटींसाठी फ्रान्सला गेला होता, खरोखरच कैदेत पडला होता. भ्रमाच्या मुळाशी पुष्कळदा सत्याचा एखादा कण असतो आणि त्याभोवती सारे जाळे विणले जाते. म्हणूनच 'याचे म्हणणे खरे की खोटे' एवढ्या एकाच प्रश्नाने भ्रम पकडता येत नाही.

१०/
दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ नव्हते. ज्या लॉर्ड लिव्हरपूल यांच्यावर मॅथ्यूजने आरोप केला होता, त्यांचेच पुत्र १८०९ मध्ये गृहमंत्री होते. मॅथ्यूजला बेथलेममध्येच ठेवावे, असे सरकारकडून सांगण्यात आले. सुटकेचा प्रयत्न फसला. माणूस आजारी असणे आणि त्याला कोंडून ठेवणे सत्तेला सोयीचे असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

११/
बेथलेमचे औषधवैद्य जॉन हॅस्लम या साक्षीने संतापले. १८१० मध्ये त्यांनी 'इलस्ट्रेशन्स ऑफ मॅडनेस' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि मॅथ्यूजच्या अनुभवांची तपशीलवार नोंद जगापुढे ठेवली. त्यात मॅथ्यूजने स्वतः काढलेली वायुमागाची आकृतीही आहे. एकाच मनोरुग्णाविषयी लिहिलेले हे पहिले संपूर्ण पुस्तक मानले जाते. हेतू विरोधकांची खिल्ली उडवण्याचा होता. पण त्या भरात सायकोसिसचे इतके बारकाईचे चित्र उभे राहिले की आजही अभ्यासक त्याकडे वळतात.

१२/
'सायकोसिस' हा शब्द तेव्हा वैद्यकात नव्हता. तो १८४० च्या दशकात जर्मन भाषेतील वैद्यकीय लेखनातून रूढ होऊ लागला. १९१३ मध्ये कार्ल यास्पर्स यांनी भ्रमाची ओळख आशयाबरोबरच तो धरून ठेवण्याच्या रीतीवरूनही सांगितली : कमालीची खात्री, आणि कोणत्याही पुराव्याने किंवा युक्तिवादाने न हलणारी समजूत. १९१९ मध्ये व्हिक्टर टाउस्क यांनी 'प्रभाव टाकणाऱ्या यंत्रा'च्या भ्रमावर निबंध लिहिला. पुढे कुर्ट श्नायडर यांनी स्किझोफ्रेनियाच्या निदानासाठी महत्त्वाची लक्षणे वेगळी काढली. विचार बाहेरून घुसवले जाणे आणि शरीर दुसऱ्याच्या ताब्यात असणे ही त्यांपैकीच. मॅथ्यूजने हीच लक्षणे शंभराहून अधिक वर्षे आधी सांगून ठेवली होती.

१३/
दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसावर आजचे निदान चिकटवताना जपून राहावे लागते. पण आज सायकोसिस कसा ओळखला जातो, हे या कहाणीवरून कळते. ठाम भ्रम, इतरांना न जाणवणारे आवाज किंवा दृश्ये, विस्कळीत विचार, बाह्य नियंत्रणाचा अनुभव. स्किझोफ्रेनियाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे निकष अशी लक्षणे किमान महिनाभर टिकण्याची अट घालतात. शिवाय ताप, अपस्मार, नशा, थायरॉइडचे विकार, तीव्र नैराश्य किंवा उन्माद यांतही सायकोसिस दिसू शकतो. म्हणून एका भेटीतल्या गप्पांवर निदान होत नाही. घरच्यांकडून माहिती, शारीरिक तपासणी, आणि वागण्यात बदल केव्हापासून झाला याचा माग, हे सारे लागते.

१४/
बदलाची चाहूल बहुधा आधीच लागते : माणूस एकलकोंडा होतो, झोप उडते, अभ्यास किंवा काम सुटते, साध्या घटनांत आपल्यासाठीच काही संकेत आहेत असे त्याला वाटू लागते. यांतली एखादी गोष्ट म्हणजे आजार नव्हे. पण त्या एकत्र येऊन वाढत चालल्या, तर लवकर उपचार मिळण्याने मोठा फरक पडतो. तसेच जे समाजाच्या श्रद्धेत सर्वमान्य आहे, ते केवळ बाहेरच्याला विचित्र वाटते म्हणून भ्रम ठरत नाही.

१५/
आणि मॅथ्यूज? बेथलेमच्या नव्या इमारतीसाठी आराखडे मागवले गेले, तेव्हा या कैद्याने आतूनच स्वतःचे नकाशे तयार केले. रुग्णांची सोय त्याला अनुभवाने ठाऊक होती. व्यवस्थापकांनी त्याला ३० पौंड बक्षीस दिले. १८१४ मध्ये त्याला हॅकनीतील एका खासगी आश्रमात हलवण्यात आले. तिथे तो हिशेब आणि बागकाम यांत मदत करी. १८१५ च्या जानेवारीत त्याचा मृत्यू झाला.

१६/
त्याच वर्षी संसदीय समितीने वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी केली. बेथलेममध्ये जेम्स नॉरिस या रुग्णाला वर्षानुवर्षे लोखंडी पट्ट्यांत जखडून ठेवल्याचे उघड झाले होते. १८१६ मध्ये हॅस्लम यांना पदावरून दूर करण्यात आले. मॅथ्यूजचे वेड त्यांनी अचूक टिपले होते. पण ज्या इस्पितळाचे ते वैद्य होते, तिथे माणसे साखळदंडात सडत होती. निदान बरोबर असल्याने वागणूक न्याय्य ठरत नाही, हाच या प्रकरणाचा निवाडा.

१७/
भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हे दोन्ही धडे दिसतात. कोणत्याही व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास तो मनाई करतो. मानसिक आजार मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवावा, राजकीय किंवा सामाजिक स्थानावरून नव्हे, असेही तो बजावतो. चाहूल लागलेल्या घरांसाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. १८०९ मध्ये न्यायालयापुढे दोन बाजू होत्या : मॅथ्यूज शहाणा म्हणून सोडा, नाही तर वेडा म्हणून कोंडा. तो आजारी आहे आणि तरीही माणूस आहे, असे म्हणणारी तिसरी बाजू त्या दिवशी कोणीच मांडली नाही.