पारख आणि बट्टा

ज्याच्या नावाचा छाप नाण्यावर असतो त्याच्या आज्ञेने ते नाणे चालते, ही समजूत आज इतकी स्वाभाविक वाटते की ती फार जुनी नाही, हे सहसा ध्यानातही येत नाही. इंग्रजी अमलातील एकजात, यंत्रावर पाडलेल्या कलदार रुपयाने ती आपल्या मनात रुजवली. तत्पूर्वीच्या महाराष्ट्रात नाणे पाडण्याचा अधिकार राजाचा किंवा त्याने सनद दिलेल्या टांकसाळदाराचा असला, तरी ते बाजारात कोणत्या भावाने घ्यावयाचे याचा निवाडा काटा आणि कसोटी घेऊन बसलेला सराफ करीत असे, आणि तो निवाडा दरबारालाही बहुधा मान्य करावा लागे. या व्यवस्थेचे उल्लेख दफ्तरांतून मिळतात, ग्रंथांतूनही मिळतात. परंतु ती हलतीबोलती पाहावयाची असेल तर नाण्यांच्या प्रदर्शनासारखी दुसरी जागा नाही, असे माझे कित्येक वर्षांच्या अनुभवाने बनलेले मत आहे.

अशी प्रदर्शने पुण्या-मुंबईस बहुधा एखाद्या कार्यालयात किंवा मोठ्या सभागृहात भरतात. काचेच्या पेट्यांतून मांडलेले निवडक संग्रह प्रेक्षकांसाठी असतात, आणि शाळांतील मुले त्यांच्यासमोरून रांगेने जातात. खरा व्यवहार मात्र पलीकडच्या टेबलांवर चाललेला असतो. तेथे मखमलीवर मोहरा आहेत, पाकिटांतून रुपये आहेत, आणि सर्वांत शेवटी, कोणत्याही आडपडद्याशिवाय, परातीत ओतलेली तांब्याची रास आहे. जाणता संग्राहक प्रथम त्या परातीकडे वळतो. भिंग डोळ्याशी, हाताशी लहानसा काटा, आणि विक्रेत्याच्या प्रत्येक शब्दाविषयी सविनय अविश्वास, एवढ्या सामग्रीनिशी तो तासन् तास खाली मान घालून बसलेला असतो.

परातीतल्या त्या राशीत बहुसंख्या शिवराईची. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन नाणी महाराजांनी पाडविली. एका बाजूस बिंदूंच्या वर्तुळात ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. फारसी अक्षरांनी व्यापलेल्या त्या काळच्या चलनात ही नागरी अक्षरे किती निराळी दिसली असतील याची कल्पना करावी! होन आज इतके दुर्मिळ आहेत की प्रदर्शनात कोणी होन दाखवू लागला तर तो पाहण्यापूर्वी दाखविणाराचा चेहरा पाहावा. शिवराईचे भाग्य मात्र वेगळे. शाहू छत्रपतींच्या काळी, पेशवाईत, आणि पेशवाई बुडाल्यावरही काही काळ ती निघत राहिली. उत्तरोत्तर अक्षरे रोडावली, ‘शिव’चा ‘सिव’ आणि ‘सीव’ झाला, वळणे बिघडली, आणि अखेरच्या काळात अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ आली. एका मूठभर शिवरायांत दोन नाणी एका ठशाची निघाली तर आश्चर्य मानावे. या विविधतेला अभ्यासक आज भेद म्हणून नावाजतात; माझ्या मते त्यात ठसे कोरणाऱ्या कारागिरांचे अक्षरज्ञान, त्यांची घाई आणि टांकसाळींची पांगापांग यांचाच इतिहास अधिक आहे, आणि तो राजकीय इतिहासाहून कमी मनोरंजक नाही.

राज्याभिषेकाच्या समयीच इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन रायगडावर आला होता. आपले मुंबईचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, असे त्यांतील एक कलम होते. त्यावर महाराजांचे उत्तर असे होते की, कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही, परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करू शकत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतरांच्या नाण्याइतके चोख व वजनदार असेल तर ते आपोआप चालेल. नुकताच छत्र धारण केलेला आणि स्वतःचे नाणे पाडविणारा राजा असे म्हणतो, यावरून नाण्याचे मूल्य धातूत आहे आणि ते बाजाराने ठरवावयाचे आहे हा सिद्धांत त्या काळी किती सर्वमान्य होता हे स्पष्ट होते.

चांदीच्या बाबतीत मराठ्यांनी हा सिद्धांत इतक्या टोकास नेला की आजच्या वाचकास ते विपरीत वाटावे. ज्यांच्या फौजा दिल्लीच्या तक्तावर कोणी बसावे हे ठरवीत होत्या, त्यांचे रुपये दिल्लीच्या बादशहाच्याच नावाने निघत. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या, चांदवडचा चांदवडी घ्या, नाही तर नाशिकचा; अक्षरे फारसी, नाव बहुधा शाह आलमचे, आणि चांदवडच्या जागी जाफराबाद, नाशिकच्या जागी गुलशनाबाद. मराठ्यांची खूण म्हणून कोपऱ्यात कोठे तरी एखादे चिन्ह. पुण्याच्या रुपयावर तो हत्तीचा अंकुश. शाह आलम १८०६ साली वारला, तरी त्याच्या नावाने रुपये पडतच राहिले. यात स्वामिनिष्ठा शोधणारे शोधोत. मला त्यात व्यापाऱ्याची सोय दिसते. ज्या छापाची सराफकट्ट्यास शेकडो वर्षांची सवय, तो बदलून नव्या नाण्यावर बट्टा ओढवून घेण्याचे कारण काय होते? न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या चलनावर आणि टांकसाळींवर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यामागेही या अजब कारखान्याविषयीचे कुतूहलच असावे.

रुपया पाडण्याची रीत साधी होती. चांदीची वजनी चकती खालच्या ठशावर ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरावयाचा आणि घणाचा घाव घालावयाचा. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे प्रत्येक रुपयावर लेखाचा निराळाच तुकडा उमटे. पूर्ण लेख वाचावयाचा तर निरनिराळ्या ठिकाणी घाव बसलेले अनेक रुपये शेजारी मांडावे लागतात. प्रदर्शनात एकाच टांकसाळीचे रुपये ओळीने लावणारा मनुष्य वेडा नव्हे, तो वाचीत असतो.

हा रुपया टांकसाळीतून निघाला की सराफांच्या हाती जाई. प्रत्येक जण संशय आला म्हणजे त्यावर बारीक छिन्नीचा किंवा पोगराचा ठोका मारी आणि आत चांदीच आहे ना, याची खात्री करून घेई. कर्जरोख्यांतून आणि खरेदीखतांतून नुसते ‘रुपये’ लिहून भागत नसे. चांदवडी, अंकुशी, सुरती असा सिक्क्याचा उल्लेख करावा लागे, कारण एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना बट्टा पडे. नवा रुपया ‘सिक्का’ म्हणून पूर्ण भावाने जाई आणि वर्ष उलटले की, धातू तोच असूनही, ‘चलनी’ ठरून उतरे. बंगाल्यात कंपनी सरकार या वार्षिक बट्ट्याला इतके कंटाळले की त्याने साऱ्या रुपयांवर बादशहाचे एकोणिसावे जुलुसी, म्हणजे राज्यारोहणापासूनचे, वर्षच कायम छापण्याचा प्रघात पाडला. ना नवे वर्ष, ना जुने नाणे! १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा एकच रुपया इंग्रजी मुलखात चालू झाला आणि सराफाच्या बट्ट्याचे मूळच तुटले.

मात्र मराठवाड्यास हा नियम लागू नव्हता. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, आणि सहा कलदारास सात हाली हा हिशेब तेथील किराणा दुकानदारापासून वकिलापर्यंत सर्वांस तोंडपाठ असे. हैदराबादचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी हे चलन पुढे काही वर्षे रेंगाळून १९५९ साली निकालात निघाले. एका प्रदर्शनात परभणीकडील एक वृद्ध गृहस्थ निजामी उस्मानिया रुपयांच्या पेटीसमोर थांबून विक्रेत्यास म्हणाले, “अहो, हा भाव कलदारात सांगता की हालीत?” विक्रेता तरुण होता, त्यास काही उमगले नाही, आजूबाजूच्या दोन पांढऱ्या मिशा मात्र हसल्या.

दुसऱ्याच्या नाण्यावर खूण करण्याचा प्रकार मराठेशाहीतील सराफांच्याही पूर्वीचा आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३ हजारांवर नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. शत्रूचा मुखवटा त्याने वितळवून टाकला नाही. त्यावरूनच आपला चैत्य आणि आपले नाव उमटविले. नहपानाच्या नाकावर चैत्याची कमान आलेले असे नाणे हातात घेतले म्हणजे विजयाची बातमी गावोगाव पोहोचविण्याची ही युक्ती शिलालेखाहून किती स्वस्त आणि किती त्वरित होती, हे लक्षात येते. नाशिकनजीक अंजनेरी येथील नाणकशास्त्राच्या संस्थेत जाऊन अशा नाण्यांचा अभ्यास करावा. खरेदीच्या आधी तो केला तर पैसे वाचतात.

कारण प्रदर्शनांतील बनावट मालाचे प्रमाण उपेक्षणीय नाही. घणाखाली पडलेल्या नाण्याची कड आणि साच्यात ओतलेल्याची कड यांत फरक असतो. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांचे काठ गुळगुळीत असतात, आणि वजन क्वचितच जुळते. विक्रेत्यांपैकी जे जुने आहेत ते स्वतःच काटा पुढे करतात. जे करीत नाहीत त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.

माझी स्वतःची आवड सराफी खुणांनी छिन्न झालेल्या रुपयांची आहे, आणि ती स्वस्तात भागते. संग्राहकांस कोरे, निर्मळ नाणे हवे असते. ठोके पडलेला रुपया ते बाजूस सारतात, आणि विक्रेता त्याची किंमत न सांगताच उतरवितो. मागच्या प्रदर्शनात एक चांदवडी रुपया मला असाच मिळाला. त्यावर निदान पाच निरनिराळ्या हातांचे ठोके आहेत, त्यांतला एक इतका खोल की बादशहाच्या नावातील एक अक्षर पार गेले आहे. विक्रेत्याने तो काट्यावर टाकला, कडेचा घाव मला बोटाने दाखविला, आणि “याला बट्टा लावावाच लागेल, साहेब,” म्हणून शेजारच्या निर्मळ रुपयाच्या निम्म्या किमतीस दिला.