साधना: ओझें कीं आमंत्रण?

इचलकरंजीचें नांव महाराष्ट्रांत दोन गोष्टींनीं सर्वतोमुखीं झालें. एक तेथील मागांनीं आणि दुसरें तेथील गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्या गायकीनें. बुवांनीं गाण्याच्या ओढीनें घर सोडलें, पुष्कळ हालअपेष्टा सोसल्या, ग्वाल्हेर परंपरेचे वासुदेवबुवा जोशी यांची सेवा केली आणि ती गायकी महाराष्ट्रांत आणली. विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांचेच शिष्य. गुरुगृहीं घोकलेला तोच पलटा एका शिष्याला शिक्षा वाटतो, तर दुसऱ्याला स्वराच्या घरांत शिरण्याचें दार वाटतो. रियाज तोच, तास तेवढेच; भेद असतो तो ओढीचा.

जी गोष्ट गायनाची तीच भक्तीची. प्रार्थना, उपवास, एकांत, ग्रंथपठन, साधी राहणी आणि सेवा हीं ख्रिस्ती धर्मांतील मुख्य साधनें होत. हीं साधनें म्हणजे मानेवर ठेवलेलें जूं, कीं देवाच्या सान्निध्यांत येण्याचें आमंत्रण, हा प्रश्न त्या धर्माइतकाच जुना आहे. महाराष्ट्रांत एका स्त्रीनें आपलें अवघें आयुष्य वेंचून त्याचें उत्तर शोधलें. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंकडे वळण्यापूर्वीं या साधनांची पूर्वपीठिका थोडी पाहणें अवश्य आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत उपवास करणाऱ्यानें तोंड धुवावें व डोक्यास तेल लावावें, आणि प्रार्थना करणाऱ्यानें खोलीचें दार लावून घ्यावें, असा येशूचा उपदेश आहे. साधना लोकांना दाखविण्यासाठीं नसून ती भक्त आणि देव या दोघांमधली गोष्ट आहे, हें त्यांतील मर्म. पुढें तिसऱ्या-चौथ्या शतकांत अंतोनी आदिकरून तपस्वी ईजिप्तच्या वाळवंटांत जाऊन राहिले. त्यांच्या तपश्चर्येला ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ मल्लाची मेहनत असा आहे. सहाव्या शतकांत इटलींत बेनेदिक्तानें मठवासीयांसाठीं नियम घालून दिले. तेव्हां मठ ही ईश्वरसेवेची शाळा आहे असें त्यानें मानिलें, आणि नियम फार जाचक होऊं नयेत अशी काळजीहि वाहिली. परंतु तालीम काय किंवा शाळा काय, तेथें शिस्त हेंच साध्य होऊन बसण्याचा धोका असतोच. मग विद्यार्थी हजेरीपुरता येतो आणि विद्या उंबऱ्याबाहेर राहते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं त्या काळच्या रूढीविरुद्ध आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि मातेनें तें मुलीला दिलें. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडत असे. व्रतें, उपवास, दानधर्म यांत कसलीहि कसूर नव्हती. १८७० नंतरच्या दशकांत दक्षिणेंत दुष्काळ पडला. जवळचें द्रव्य संपलें, आणि आई, वडील व थोरली बहीण तिघेंहि उपासमारीनें व आजारानें गेलीं. रमाबाई आणि त्यांचे बंधु एवढेच उरले. इतकें सारें करूनहि देवाकडून उत्तर आलें नाहीं, हें शल्य त्यांच्या पुढील लेखनांत स्पष्ट दिसतें. येथें कोणा एका धर्माकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. साधना म्हणजे देवाला चुकती करावयाची रक्कम, अशी समजूत कोणत्याहि धर्मांत होऊं शकते. आणि ती झाली म्हणजे संकटकाळीं माणूस देवापुढें हिशेबाची वही उघडून बसतो.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढें विवाह झाला, आणि १८८२ सालीं वैधव्य आलें. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयास असतां त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथें जुनाच प्रश्न नव्या वेषांत त्यांच्यापुढें उभा राहिला. धर्मभगिनी जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक माता. रमाबाईंचा कडक शाकाहार आणि प्रत्येक मताविषयीं प्रश्न विचारण्याची त्यांची संवय, यांत जेराल्डिनबाईंना अहंकार दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असेंहि रमाबाईंनीं विचारलें. पुरोहितवर्गाचें एक जूं उतरवून ठेविल्यावर तसलेंच दुसरें मानेवर घेण्याची आपली तयारी नाहीं, असा त्यांच्या पत्रांचा आशय आहे. आज्ञा पाळण्यास त्यांची ना नव्हती. ती आज्ञा देवाची कीं माणसांची, एवढें त्यांना पारखून घ्यावयाचें होतें.

बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अद्याप भेटला नाहीं. ही कबुली त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. ज्या विदुषीनें दोन धर्मांचे ग्रंथ अभ्यासिले, तिनें असें म्हणावें ही लहान गोष्ट नव्हे. धर्माचे नियम पाळणें आणि ज्याच्यासाठीं ते नियम आहेत त्याची गांठ पडणें, यांतील अंतर त्यांना त्या वेळीं प्रथम कळलें.

याच सुमारास त्यांच्या संस्थेवर मोठा प्रसंग आला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढलें होतें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें होतें. विधवा व निराधार मुलींच्या त्या शाळेंत ख्रिस्ती धर्माचें शिक्षण सक्तीचें नव्हतें. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार मात्र लावीत नसत. ज्या मुलीला यावेंसें वाटे ती येऊन बसे. या उघड्या दारानें पुण्यांत वादळ उठलें. ‘केसरी’नें टीका केली. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं १८९३ सालीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. इतरांना आपल्या धर्माप्रमाणें वागण्याचें जें स्वातंत्र्य आहे तें मलाहि असावें, असें रमाबाईंचें म्हणणें होतें.

टीकाकारांचा आक्षेप सर्वस्वीं टाकाऊ होता असें म्हणतां येणार नाहीं. जी अन्न देते व निवारा देते तिनें दार उघडें ठेवलें, तर आश्रित मुलीच्या मनावर त्याचें दडपण येणार नाहीं कशावरून? आमंत्रण तेंच खरें, जें नाकारल्यानें पानांतला घास जात नाहीं. साधनेचें आमंत्रण देणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मिशनरी असो, मठाधिपति असो वा घरचा वडील माणूस असो, हीच कसोटी लावली पाहिजे.

पुण्याजवळ केडगांव येथें रमाबाईंनीं मुक्तिसदन उभारलें. १८९६ नंतरच्या दुष्काळांत शेंकडों मुली व स्त्रिया तेथें आल्या. शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग चालूं झाले. १९०५ च्या जानेवारींत धर्मजागृतीसाठीं रोज प्रार्थना करावी असें रमाबाईंच्या मनानें घेतलें. घंटा वाजवून सर्वांना एकत्र बसविणें त्यांना मुळींच कठीण नव्हतें. तसें न करतां, ज्यांची इच्छा असेल त्यांनींच यावें, असें त्यांनीं सांगितलें. ७० जणी पुढें आल्या. हळूहळू भर पडत जूनपर्यंत त्या सुमारें ५५० झाल्या, आणि दिवसांतून दोनदां जमूं लागल्या. पुढें जी भक्तीची लाट उसळली तींत आक्रोश व अश्रु पुष्कळ होते, आणि त्यांविषयीं तेव्हांहि मतभेद झाले. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तो पहिला ७० चा आंकडाच अधिक बोलका आहे, कारण बाकीच्या आल्या नाहींत तरी चालणार होतें.

त्याच पिढींत नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) दुसऱ्या वाटेनें तेथेंच पोंचले. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. त्यांनीं तो धर्म स्वीकारला तो कांहीं वर्षांनीं, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. ही सारी हकीकत ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या घरांना ठाऊक आहे. परदेशी चालींत अवघडलेल्या उपासनेला टिळकांनीं अभंगाची आणि कीर्तनाची मोकळीक दिली. १९१७ सालीं मिशनचें पगारी काम सोडून त्यांनीं संन्यस्त वृत्ति पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. त्या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती.

रमाबाईंनीं अखेरचीं वर्षें हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. हिब्रू-ग्रीक शिकणें, शब्दामागून शब्द तपासणें, हें काम कोणत्याहि व्रताइतकें खडतर होतें. तें त्यांच्याकडून कोणी करवून घेतलें नव्हतें. बालपणीं त्यांनीं उपवास पाहिले, तारुण्यांत मठाचे नियम पाहिले, आणि दोन्हींकडून थकून आल्यावरहि साधना सोडली नाहीं. बोलावणारा ओळखीचा झाला, म्हणजे वाटेचें ओझें होत नाहीं, हेंच त्यांच्या चरित्राचें सार आहे.