आधी खेळणे, मग विमान

मंडळी, १९०३ साली राईट बंधूंनी विमान उडवले आणि मग त्याच्या छोट्या नकला करून मुलांची खेळणी निघाली, अशी आपली साधारण समजूत असते. नेहमीचा अनुभवही तसाच आहे. शेतातला बैल आधी, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल नंतर. विमानाच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा आहे. तिथे खेळणे आधी उडाले, विमान नंतर.

अल्फॉन्स पेनो नावाचा एक फ्रेंच तरुण होता. वडील नौदलात मोठ्या हुद्द्यावर, पण कमरेच्या दुखण्यामुळे याला त्या वाटेने जाता आले नाही. तो कागद, काड्या आणि रबर घेऊन बसला. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी बागेत त्याने आपले चिमुकले विमान लोकांसमोर उडवले. वजन अवघे सोळा ग्रॅम. पिळलेल्या रबराने मागचा पंखा फिरे. अकरा सेकंदांत ते सुमारे चाळीस मीटर गेले. अंतर काही फार नाही. आपल्या शाळेच्या पटांगणाची एक बाजू म्हणा. महत्त्वाचे हे, की ते कोलमडले नाही. पंखांची टोके किंचित वर उचललेली आणि शेपटीचा लहान पंख थोडा खालच्या कोनात बसवलेला, त्यामुळे नाक वर-खाली झाले किंवा विमान एका अंगाला कलले तरी ते आपोआप सावरत असे. वर बसून सांभाळणारा कोणी नसताना सावरणारे विमान, ही पेनोची देणगी.

त्याने पुढे माणूस बसेल अशा विमानाचा आराखडाही केला आणि १८७६ मध्ये त्याचे पेटंट घेतले, पण पैसा उभा राहिला नाही. निराश होऊन १८८० साली, तिशीतच त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. त्याआधी दोनच वर्षे, १८७८ मध्ये, अमेरिकेत मिल्टन राईट नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी रबरावर उडणारी एक भिरभिरी आणली होती. ती पेनोच्याच धर्तीची होती. थोरला विल्बर अकरा वर्षांचा, धाकटा ऑर्व्हिल सात. मुलांनी तशाच आणखी भिरभिऱ्या करून पाहिल्या. पुढचे आपण सगळे जाणतोच. पेनोला मात्र आपले काम कुठवर पोहोचले ते कधीच कळले नाही.

आता रेडिओकडे येऊ. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये बिनतारी लहरींनी चालणारी छोटी होडी दाखवली. मग विमानाला आणखी चाळीसेक वर्षे का लागली? एक तर त्या काळचा रेडिओ आणि बॅटऱ्या जड. आणि दुसरे म्हणजे होडीला आज्ञा पोहोचली नाही तरी ती तरंगत राहते, विमानाला ती सवलत नाही. मिशिगनमधल्या कलामाझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये आपले आठ फुटी पंखांचे ‘गफ’ रेडिओवर उडवले. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्या जमान्यात सुकाणू हवे तितके वळवता येत नसे. एक इशारा दिला की रबराच्या पिळावरची खुंटी एक घर सरके आणि सुकाणू पूर्ण उजवीकडे जाई, पुढे सरळ, मग डावीकडे. म्हणजे विमान मुळात स्वतःच तोल सांभाळणारे हवे. माणसाने फक्त अधूनमधून सुचवायचे. पेनोशिवाय रेडिओ फुकट होता, तो असा.

हा इतिहास आज आठवायला कारण घडले. आमच्या पुतण्याचा मुलगा यंदा अकरावीत आहे. एन.सी.सी.च्या हवाई विभागात त्याने मॉडेल पाहिले आणि विचारले, “आजोबा, कोणते तयार विमान घेऊ?” त्याच्या आईचा प्रश्न वेगळा होता: “काका, पुढच्या वर्षी बारावी. या नादाचा उपयोग काय?”

त्याला म्हटले, इतिहासाच्या क्रमाने जा. आधी हाताने सोडायचे साधे ग्लायडर कर. नाकाला थोडे वजन लावून तोल साध. पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश भागात तो असावा. मग रबराचे विमान. मग रेडिओ, आणि तोही वर पंख असलेल्या, सावकाश उडणाऱ्या शिकाऊ विमानात. विमान तुझ्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे वाटते. तेव्हा जो पंख खाली झुकलेला दिसेल त्या बाजूला दांडी ने, म्हणजे ते सरळ होईल. शेजारी जाणता माणूस हवाच. आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल भाग केलेले आहेत, तो नकाशा पाहूनच मैदान निवड.

आईला मात्र मी मेनार्ड हिल यांची गोष्ट सांगितली. वय ७७, दृष्टी जवळजवळ गेलेली, ऐकूही कमी येई. आधीची काही विमाने समुद्रात गडप झालेली. ९ ऑगस्ट २००३ रोजी त्यांनी कॅनडाच्या केप स्पिअरहून बाल्सा लाकडाचे, पाच किलोंहून कमी वजनाचे विमान सोडले. समुद्रावर त्याला आतले यंत्र दिशा दाखवत होते. सुमारे ३,०३० किलोमीटर कापून, जवळजवळ एकोणचाळीस तासांनी ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. तिथे रेडिओचा पेटारा सहकाऱ्याच्या हाती होता.

बारावीचे गुण यातून वाढतील असे मी म्हणणार नाही. पण पडलेले विमान उचलून, ते का पडले हे शोधून, पुन्हा जोडायला बसणारा मुलगा मला एखाद्या विषयात नापास झाला तरी चालेल. पेनोने बनवले, राईटांनी उचलले, गुड बंधूंनी दूरवरून वळवले. आपल्या हातून सुटलेली वस्तू कुठे उतरेल हे सोडणाऱ्याला दिसतेच असे नाही. ती सुटताना सावरलेली असावी, एवढेच त्याच्या हाती. शिक्षकाचेही काम याहून फार वेगळे नसते.

असो.