घोरणं, दात आणि एक भटक्या चित्रकार

रात्री तोंडाला टेप लावून झोपणाऱ्यांचे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतीलच. नवा ट्रेंड वाटतो ना? पण "तोंड मिटून झोपा" असं सांगणारं अख्खं पुस्तक 1860च्या दशकातच निघालं होतं. लिहिणारा जॉर्ज कॅटलिन. अमेरिकन माणूस. डॉक्टर नव्हे हं, आधी वकील, मग चित्रकार!

1830च्या दशकात हा अमेरिकेतल्या मूळ जमातींमध्ये हिंडला, त्यांची शेकडो चित्रं काढली. तिथे त्यानं पाहिलं, की बाळ झोपलं की आई त्याचे ओठ हळूच मिटवते. त्या लोकांचे दातही त्याला सरळ आणि मजबूत दिसले. झालं! तोंडानं श्वास घेतला की झोपही बिघडते आणि दातही, असं त्यानं ठरवून टाकलं.

काही अंशी बरोबरच होतं ते. रात्रभर तोंड उघडं राहिलं की लाळ सुकते, आणि दातांवरचं आम्ल धुऊन काढायचं काम लाळच करते. म्हणून कीड लवकर लागते. पण त्या लोकांच्या जेवणात साखर किती कमी होती, हे कारण मला तरी जास्त मोठं वाटतं.

जबड्यापर्यंत गोष्ट नेली ती पॅरिसच्या पिएर रोबँनं. हा दातांचा आणि तोंडाचा डॉक्टर. 1923 मध्ये त्यानं अशा बाळांबद्दल लिहिलं, ज्यांचा खालचा जबडा लहान आणि मागे असतो. मग जीभ घशाकडे घसरते आणि श्वास अडतो. खालचा जबडा पुढे आणायला तो ‘मोनोब्लॉक’ नावाचं उपकरण वापरायचा.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र उशीर झाला. 1956 मध्ये जाड, सतत पेंगणाऱ्या रुग्णांना डिकन्सच्या कादंबरीवरून ‘पिकविकियन’ म्हणायला लागले. झोपेत श्वास खरोखर थांबतो, हे 1965 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत नोंदलं गेलं. तेव्हा इलाज काय, तर गळ्याला भोक! 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हवेच्या दाबाचं मशीन आणलं, तेच आपलं सीपॅप. पण ‘जाड माणसाचा आजार’ हा शिक्का राहिलाच, आणि लहान जबड्याची बारीक माणसं त्यात निसटत राहिली.

1980च्या दशकातच रोबँची कल्पना परत आली. दातांवर बसवायचं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण. सौम्य ते मध्यम स्लीप अ‍ॅप्नियात ते आजही देतात. फक्त ते वर्षानुवर्षं वापरलं तर दातांची ठेवण थोडी सरकू शकते, म्हणून डेंटिस्टकडे फेऱ्या चालू ठेवाव्या लागतात. 2017 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननं तर सांगूनच टाकलं, की डेंटिस्टनं पेशंटला झोपेबद्दलही विचारावं. निदान मात्र डॉक्टरांचं, स्लीप स्टडी करून.

आणि ती टेप? घोरणं, झोपेत गुदमरून दचकणं, सकाळी कोरडं तोंड आणि दुखणारं डोकं, यातलं काही असेल तर आधी ती टेस्ट करा. नाक चोंदलेलं असताना तोंडही बंद केलंत, तर हवा जाणार कुठून?