दोष आधी कोणाला कळतो?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मणी, मूर्ती आणि विटांच्या देवळांवर भरपूर लिहिलं, पण ज्या चाकांवर हे गाव मोठं झालं त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये तगर हे शहर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं म्हटलं आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल, धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई. हे तगर म्हणजे जुन्नर, देवगिरी की धारूर, यावर विद्वानांचे बरेच वाद झाले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीटने ते तेरच असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिलं. गावातल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहणाऱ्याला पाँपेईत सापडलेली तशीच मूर्ती आठवते. पण पेरिप्लसकाराने आवर्जून नोंदवली ती वाहतुकीची रीत, म्हणजे गाडी. आणि गाडी म्हटली की उतार आला, उतार आला की थांबवणं आलं. चाक थांबवण्याची सोय बिघडली, तर ते आधी कोणाला कळतं, या प्रश्नाचं उत्तर काळागणिक कसं बदललं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजच्या मोटारीतला एबीएसचा, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेचा, पिवळा दिवा या उत्तराच्या ताज्या टोकाला उभा आहे.

बैलगाडीत उतारावर बैल हाच ब्रेक. ओझं मागून रेटू लागलं की जू मानेवरून शिंगांकडे सरकतं, बैल पाय रोवतात आणि गाडीवान खाली उतरून कासरा आवळतो. धाव सैल झाली तर खडखडते, वंगण आटलं तर कणा करकरतो. दोष आधी बैलाच्या मानेला आणि गाडीवानाच्या कानाला कळतो, मधे कोणी निरोप्या लागत नाही. पुढे या भागात बार्शी लाइट रेल्वे आली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने आखलेली ही अडीच फुटी लाइन १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. रेल्वेच्या जगात याच सुमाराला एक विलक्षण कल्पना रुजत होती. आपल्याकडच्या गाड्यांवर पुढे अनेक दशकं चाललेल्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये नळीतली निर्वात स्थिती ब्रेक सोडवून धरते. नळी फाटली, डबा सुटला, की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे बिघाड गाडीच थांबवतो. तो लपवू म्हटलं तरी लपत नाही.

एबीएसचा स्वभाव नेमका उलटा आहे. पायाखाली ब्रेक करकचून दाबला आणि चाक जाम झालं, तर टायर घसरतो आणि घसरत्या पुढच्या चाकाला स्टिअरिंगचा हुकूम कळत नाही. विमानांच्या चाकांसाठी यावर उपाय १९५०च्या दशकात डनलॉपच्या ‘मॅक्झरेट’ने केला, १९६६च्या जेन्सन एफएफ मोटारीत तो आला, आणि १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये बसली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. प्रत्येक चाकाचा वेग सेन्सर मोजतो. एखादं चाक जाम व्हायला लागलं की व्हॉल्व्ह त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा आवळतात, एका सेकंदात अनेकदा. पण यात काही बिघडलं तर यंत्रणा स्वतःला बंद करून घेते आणि साधा ब्रेक तसाच ठेवते. रोजच्या चालवण्यात फरक शून्य. बैलाची मान नाही, फाटलेली नळी नाही. दोष कळण्याचं एकच इंद्रिय उरतं, तो दिवा.

यावर सर्रास ऐकू येणारा आक्षेप असा की ब्रेक लागतोय, मग दिव्याचं काय एवढं? आणि एबीएस नसलेल्या मोटारी वर्षानुवर्षं चालल्याच की. चालल्या, हे खरं आहे. पण त्या चालवणाऱ्याला आपल्याकडे एबीएस नाही हे ठाऊक होतं, म्हणून तो पावसात ब्रेक दाबून-सोडून लावायचा. आज एबीएसच्या भरवशावर पाय रोवून दाबणारा माणूस बंद यंत्रणेवर तेच करील, तर येडशीच्या घाटात ओल्या वळणावर गाडी सरळ कठड्याकडे जाईल. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गोष्ट आणखी गंभीर. ब्रेक ऑइल उतरलेलं असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल सांभाळणारी सोयही गेलेली असते. तेव्हा गाडी चालवू नये, हेच बरं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्कॅनर लावला की कोड येतो, पार्ट बदलला की दिवा जातो, मग मेकॅनिकच्या कसबाचा प्रश्न उरलाच कुठे? इथे तेरचेच संत गोरोबाकाका कुंभार आठवतात. आख्यायिकेत ते संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगतात, आणि कच्चे ठरलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे जातात. थापटण्याने कच्चेपणा कळतो, तो का राहिला हे कळत नाही. कोडचंही तसंच. ‘पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर’ एवढं तो म्हणतो, आणि दोष असू शकतो सेन्सरमध्ये, उंदराने कुरतडलेल्या वायरीत, हिरवट गंज चढलेल्या कनेक्टरमध्ये, दातेरी कड्यात किंवा ढिल्या बेअरिंगमध्ये. जाणता मेकॅनिक आधी विचारतो, दिवा चावी फिरवल्यापासून लागलेलाच राहतो की गाडी चालू लागल्यावर लागतो? पहिल्यात तुटलेल्या वायरीचा संशय, दुसऱ्यात सिग्नल पोचत नसल्याचा. मग चाक काढून तो बघतो. अंगठ्याएवढ्या सेन्सरच्या तोंडाशी चुंबकाने ओढलेली लोखंडी भुकटी साचलेली असते. सेन्सरच्या बुडाशी गंजाची पापडी फुगली, तर सेन्सर कड्यापासून दूर उचलला जातो, आणि अंतर असतं जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. नवा सेन्सर त्याच गंजावर बसवला की दिवा काही दिवसांत परत येतो. नव्या धाटणीच्या बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं ठोकलं तर सगळं नवं कोरं असूनही सिग्नल मिळत नाही. हे कोणताही कोड सांगत नाही. काळ्या मातीच्या आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यांवर हे काम गावातल्या गॅरेजकडेच येणार, म्हणून मल्टिमीटर आणि कंपनीची दुरुस्ती माहिती त्या गॅरेजपर्यंत पोचणं हा चैनीचा विषय नाही.

एक प्रकार मात्र सरळ फसवणुकीचा आहे. जुनी मोटार विकताना दिव्याचं कनेक्शन काढून टाकतात, किंवा तो दुसऱ्या दिव्याच्या वायरीला जोडतात, म्हणजे इंजिन सुरू झालं की तोही विझतो. दोष गाडीला ठाऊक असतो, विकणाऱ्याला ठाऊक असतो, फक्त घेणाऱ्याला नसतो. गाडी घेताना इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवावी. एबीएसचा दिवा काही सेकंद पेटून आपोआप विझला पाहिजे. तो पेटलाच नाही, किंवा इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहून दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या जोडीनेच विझला, तर सौदा तिथेच थांबवून आधी चाकं उघडायला लावावीत.