वजन आणि ऊब

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. पैशांची जुळवाजुळव, गवंड्याच्या वेळा, सुताराचे वायदे, पावसाची धास्ती, हे सगळे त्यात आलेच. पण स्वतः उभे राहून घर बांधून घेणाऱ्याला आणखी दोन प्रश्न सोडवावे लागतात. घराचे जड सामान जागेवर आणायचे कसे आणि वर चढवायचे कसे, हा पहिला. थंडीच्या दिवसांत त्या घरात ऊब कशी राहणार, हा दुसरा. आज आपल्याला हे दोन निराळे प्रश्न वाटतात. जुन्या काळी मात्र नाशिक जिल्ह्यात वणीच्या आसपास घर बांधणाऱ्यासाठी ते एकाच प्रश्नाचे दोन भाग होते.

वणी हे दिंडोरी तालुक्यातले, सप्तशृंग गडाच्या पायथ्याचे गाव. महाराष्ट्र म्हणजे उन्हाचा प्रदेश, इथे घर गरम ठेवण्याचा विचार कशाला, असे कुणी म्हणेल. त्याने डिसेंबर-जानेवारीतली एक पहाट या भागात काढावी. जवळच्या निफाडला डिसेंबर २०१८ मध्ये पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा रात्री शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून घडांना ऊब देतात. त्याच दिवशी दुपारी मात्र उन्हात उभे राहिले की अंग तापते. म्हणजे इथल्या घराला उष्णता निर्माण करण्यापेक्षा दुपारचे ऊन पहाटेपर्यंत जपून ठेवायचे असते. आणि उष्णता जपून ठेवते ती जड वस्तू.

ही जड वस्तू इथे पायाखालीच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा काळा पाषाण. एक घनफूट दगडाचे वजन ८० किलोच्या पुढे जाते. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा घडीव चिरा सव्वाशे किलोच्या घरात जातो. तो हलवणे चार माणसांचे काम. म्हणून चिरा शक्यतो खाणीवरच घडवून घेत. नको असलेल्या कपऱ्यांचे ओझे गावापर्यंत कशाला आणायचे?

ही वाहतूक मुख्यतः वडार समाजाच्या अंगावर होती. गाडीवडार, मातीवडार अशा त्यांच्या पोटशाखांची नावेच कामावरून पडली आहेत. गाडीवडारांची गाडी बुटकी आणि भरीव चाकांची असे. त्या बुटकेपणात मोठे शहाणपण होते. दगड उचलावा लागत नसे. पहारीने रेटत, खाली लाकडी रूळ सरकवत तो गाडीवर चढवता येई. भिंत उंच होऊ लागली की मातीचा उतार रचायचा आणि त्यावरून दोर लावून दगड ओढायचा. वजन उचलण्याऐवजी सरकवायचे, हा या धंद्याचा पहिला धडा.

लाकडाची गोष्ट थोडी वेगळी. साग येई पश्चिमेकडून, पेठ-सुरगाण्याच्या आणि त्यापलीकडच्या डांगच्या जंगलांतून. बारा फूट लांब आणि नऊ इंच चौरस सागवानी तुळईसुद्धा सव्वाशे किलोच्या आसपास भरते. बैलगाडीवर लादायची, खांद्यावर घ्यायची आणि खांबांच्या डोक्यावर बसवायची म्हणजे तिच्या लांबीला मर्यादा आली. या मर्यादेतूनच आपल्या घरांचे माप तयार झाले. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. जुने लोक घर चौरस फुटांत सांगत नसत. तीन खणी घर, पाच खणी घर असे सांगत. लाकूड किती लांब मिळते आणि माणसांना किती पेलते, हे त्या ‘खण’ शब्दात साठलेले आहे.

मग यायचे छप्पर. पश्चिमेला पाऊस फार, तिथे उतरती छपरे. पूर्वेकडे येवला-नांदगावच्या बाजूला पाऊस कमी, तिथे धाब्याची घरे, म्हणजे सपाट मातीचे माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. गावाच्या जमिनीचे आपण दोन भाग मानत आलो. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. वस्तीची माती वस्तीच्याच डोक्यावर जाई. आता हिशेब करून पाहा. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर एक फूट मातीचा थर म्हणजे जवळजवळ साडेचार टन माती. वीस किलोची एक पाटी धरली, तर सव्वादोनशे पाट्या डोक्यावरून वर न्यायच्या, आणि तेही एका खोलीसाठी.

एवढा खटाटोप कशासाठी? दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचायला साधारण दहा-बारा तास लागतात. दुपारी खोली गार राहते. भिंत आतून कोमट होते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते आणि बाहेर गारठा वाढत असतो. वजन हीच त्या घराची शेगडी होती. जोडीला बाकीची योजना असे. गोठा ओसरीला लागून, म्हणजे जनावरांची ऊब भिंतीपलीकडे. माळ्यावर कडबा, म्हणजे डोक्यावर गोधडी. चूल माजघराला लागून, म्हणजे तिच्यामागची भिंत रात्रभर निवत राही. न्हाणीघरात तांब्याचा बंब. त्याच्या मधल्या नळीत ढलप्या जळत आणि भोवतीचे पाणी तापे. जाते, उखळ, बंब यांच्या जागा घर आखतानाच ठरत. उखळ तर जमिनीतच पुरलेले असे.

या घरांचे कौतुक करताना त्यांची किंमत कुणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. चुलीच्या उबेबरोबर धूर आला. त्या धुराने लाकडाला कीड लागू दिली नाही खरी, पण बायकांचे डोळे आणि छाती पोखरली. दुसरी किंमत वडारांनी मोजली. दोन फुटी भिंतींचे दगड ज्यांनी फोडले आणि ओढून आणले, त्यांतल्या कित्येकांचा संसार गावाबाहेर पालात होता. ज्या वजनात ऊब साठते ते त्यांनी दुसऱ्यांसाठी वाहिले. त्यांच्या वाट्याला थंडीत कापडाची भिंत आली.

मग काळ बदलला. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगची जंगले भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली आणि १८७८ च्या कायद्याने देशभर जंगलावरचा सरकारी ताबा घट्ट झाला. साग पूर्वीसारखा सहज मिळेना. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि पुढे रेल्वेने मंगलोरी कौले व लोखंडी पत्रे गावोगाव पोचवले. एक कौल अडीच-तीन किलोचे. पोराटोरांनी हातोहात वर द्यावे असे. छप्पर हलके झाले, दरवर्षी माळवद चोपायचे कष्ट वाचले. पण पत्रा दुपारी तापतो आणि सूर्य मावळला की तासाभरात गार पडतो. ओझे गेले, त्याबरोबर साठवणही गेली.

आज वणीत नवे घर उठते ते विटांचे आणि स्लॅबचे. सामान ट्रकमधून दारात येते आणि लिफ्टने वर चढते. म्हणून वजनाचा विचार संपला असे आपण समजतो. पण स्लॅबवर हजार लिटरची टाकी ठेवली की पाण्याचेच वजन एक टन. दोनशे लिटरच्या सौर बंबात दोनशे किलो पाणी, वर सांगाडा वेगळा. हे ओझे बीम आणि कॉलमच्या डोक्यावर यायला हवे, खोलीच्या मधोमध नाही. टाकी जिन्यातून वर जाईल का, हे कठडा बांधण्याआधीच पाहायला हवे. सौर बंबाची पट्टी दक्षिणेला तोंड करून बसायला हवी. न्हाणीघर बंबाच्या जवळ असावे आणि नळीला उष्णतारोधक वेष्टण असावे, नाहीतर पहाटे बादलीभर गार पाणी आधी वाया जाते. दोनशे लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला विजेचे नऊ युनिट लागतात. आपल्याकडच्या उन्हात ते फुकट मिळतात, पण योजना हवी ती पाया खणण्याआधी.

जुना वाडा आज कुणी बांधावा असे नाही. तेवढा दगड, तेवढा साग आणि तेवढ्या कष्टकऱ्यांच्या माना आता मागू नयेत. पण भिंत जाड हवी की पातळ, छतावर काय घालायचे, चूल आणि बंब कुठे, असे जुने माणूस दोरी आखतानाच विचारी. तेवढी सवय आपण उचलायला हरकत नाही. एकदा स्लॅब पडला की हे प्रश्न विचारता येतात, पण त्यांची उत्तरे महाग पडतात.