पगार घेऊन केलेली सेवा

संपादिकाबाईंनी आपल्या उपनगरातील समाजकार्याचा इतिहास लिहावयास सांगितला, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझी भाची हाच विषय शिकत आहे. तिच्या वह्या चाळून व तिला प्रश्न विचारविचारून हे चार शब्द जुळविले आहेत. चूकभूल भगिनींनी पदरात घ्यावी.

सेवा आपल्याकडे जुनीच. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवा सदन उभे केले. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. ही माणसे कळकळीने पुढे आली. त्यांना हे कोणी शाळेत शिकविले नव्हते. शिकवून, परीक्षा घेऊन, मग पगार देऊन हे काम करवून घ्यावयाचे, हा प्रकार १९३६ सालचा. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी नागपाड्यात वस्तीसाठी केंद्र चालवीत होते. तेथेच टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याची देशातील पहिली शाळा निघाली. १९४४ साली तिचे नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले आणि १९५४ साली ती देवनारला आली, म्हणजे आपल्या उंबरठ्याशीच!

जागा मात्र योग्य मिळाली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित चेंबूरच्या छावणीत आले होते. तमिळ व मल्याळी कुटुंबेही येथे स्थिरावली. १९७६ साली जनता कॉलनी उठवून तेथील माणसे चीता कॅम्पात नेऊन टाकली. १९९० साली उपनगरांचा वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतीत त्याची वस्ती ९३ लाखांवर गेली. एका नळावर पाच भाषा ऐकू येतात, हे आपणांस काय सांगावे?

सेवेला पगार कसला, असे मीही म्हणत असे. मंडळात आपण साड्या वाटतो, वह्या वाटतो, एक पैसा घेत नाही. आणि या मुली महिन्याचा पगार घेऊन समाजसेविका म्हणवितात!

आमच्या चाळीत एक तमिळ बाई राहते. मला अक्का म्हणते. नवरा मारतो म्हणून ती दोनदा माझ्याकडे आली. दोन्ही वेळा मी चहा पाजला, "संसारात भांड्याला भांडे लागायचेच," असे सांगितले आणि स्वतः हाताला धरून घरी पोहोचविले. तिसऱ्या वेळी तिच्या कपाळाला टाके पडले. तेव्हा भाचीने आम्हां दोघींना पोलीस ठाण्यात बसणाऱ्या समाजकार्यकर्तीकडे नेले. पोलिसांबरोबर अशा शिक्षित कार्यकर्त्या बसविण्याची सुरुवात टाटा संस्थेने १९८४ साली मुंबईत केली. पुढे राज्य शासनाने ती योजना आपली केली.

ती मुलगी माझ्या भाचीएवढीच. तिने उपदेश केला नाही. दार लोटून पहिला प्रश्न विचारला, "आज रात्री कुठे झोपणार?" मग रेशनकार्ड कोणाकडे आहे, मुलांचे दाखले कोठे आहेत. मला हे कधी सुचले नव्हते. शेजारीण अडखळू लागली, तेव्हा तिने तमिळ जाणणाऱ्या सहकारी बाईला फोन लावून तो तिच्या हाती दिला. अर्धा तास ती बोलत होती, रडत होती. बारा वर्षांच्या शेजारात मी तिला एवढे बोलताना ऐकले नव्हते. तिचे मराठी भाजीबाजारापुरते. तेवढ्यावरच तिचे दुःखही तेवढेच असेल, असे मी धरून चालले होते.

पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज झाला. नवऱ्यालाही त्या मुलीने चार वेळा बोलावून बसविले. ती तारखा वहीत टिपून ठेवी आणि त्या दिवशी न चुकता फोन करी. आपल्या मंडळात कोणाच्या घरी पाहुणे आले की सेवा पुढच्या आठवड्यावर जाते. मीही त्यात आलेच.

शेजारीण आता मुलांसह निराळ्या खोलीत राहते, डबे करते. गेल्या संक्रांतीला ती प्रथमच आपल्या हळदीकुंकवाला आली होती. हा लेख मी तिला वाचून दाखविला. अक्का, छापा म्हणाली. नाव मात्र घालू नका.